सात नंबरच्या भिंतीला भोकं

शेजारचा दसूकी मुलीकडच्यांचा निरोप घेऊन परत आला तेव्हा बसयुनी टोमॅटोच्या पेट्यांना दोरी बांधत होता.

"हो म्हणाले की नाही म्हणाले, तेवढं आधी सांग," तो मान वर न करता म्हणाला. "बाकीचं चहा पिताना."

"हो म्हणाले," दसूकी म्हणाला. "आणि नाहीही म्हणाले. मुलगी तयार आहे, बाप तयार आहे. आई तर तुझ्या रशादचं नाव काढलं की पदर सावरते. आजी अडून बसलीय."

"तिला काय हवंय? सोनं?"

"चिमण्या."

बसयुनीच्या हातातली दोरी सुटली आणि वरची पेटी कलंडली. दोघेही गुडघ्यावर बसून टोमॅटो गोळा करू लागले. दसूकीने गोळा करता करताच सगळं सांगितलं. आजीचं नाव हज्जा बहिया, वय ऐंशीच्या पुढे. मुलगी, इबतिसाम, ही तिची सगळ्यात धाकटी नात. या घराण्यात एक रीत होती. कुराणातली फातिहा म्हणून लग्न पक्कं करण्याआधी घरातली सगळ्यात जुनी बाई मुलाच्या घरी जाते, गच्चीवर बसते, समोर चहाचा पेला ठेवते. चहा गार होईपर्यंत चिमणी दिसली तर फातिहा. नाही दिसली तर चपला पायात.

"माझ्याकडे चाळीस कबुतरं आहेत," बसयुनी म्हणाला. "ती नाही चालणार?"

"विचारलं मी. म्हणाली, कबुतर पाळलेलं असतं, बांधाल तिथे राहतं. चिमणीला कुणी पाळत नाही, कुणी बोलावत नाही, तरी ती माणसाला धरून असते. ती ज्या गावात राहत नाही तिथे काहीतरी चुकतंय." दसूकीने एक फुटका टोमॅटो तोंडात टाकला. "तिने थोरली मुलगी अशीच एका नव्या गावात दिली होती. वाळवंटातच. दोन वर्षांत विहिरीचं पाणी खारट झालं आणि सगळं गाव उठून गेलं. मुलगी सांगायची, तिथे एकही चिमणी कधी उतरली नव्हती. तेव्हापासून म्हातारी दुसऱ्या कशावर विश्वास ठेवत नाही. तीन आठवड्यांनी येतेय, गुरुवारी."

बसयुनीने शेवटचा टोमॅटो पेटीत ठेवला. सात नंबरमध्ये चिमणी नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाव नंबर सात हेच गावाचं नाव. सरकारने वाळू सपाट करून एकशेवीस घरं बांधली, प्रत्येकाला पाच फद्दान जमीन दिली आणि नाव द्यायचं राहून गेलं. घरं सगळी सिमेंटची, एकसारखी. कालव्याकाठच्या जुन्या गावांपासून मधे चाळीस किलोमीटर नुसती रेती. तिथून इथे यायला माणसांना ट्रक लागला होता. चिमण्यांना कुणी ट्रकमध्ये घेतलं नव्हतं.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात नबविया, त्याची बायको, दारात उभी राहून म्हणाली होती, "इथे सकाळ होत नाही, अबू रशाद. नुसता उजेड होतो."

"उजेड झाला म्हणजे सकाळच झाली की," तो म्हणाला होता. त्याला पाण्याची पाळी धरायची घाई होती. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. आता घरात तो आणि रशाद, दोघे पुरुष. फूलचं, म्हणजे वालासारख्या दाण्यांच्या उसळीचं, एकच पातेलं सकाळी गरम करायचं आणि संध्याकाळी पुन्हा तेच. रशाद एकोणतीस वर्षांचा झाला होता. बाजाराला टोमॅटो घेऊन जायचा तिथे त्याला ही मुलगी भेटली होती आणि गेलं वर्षभर तो पेट्या रचताना गुणगुणत असे. निरोप ऐकल्यापासून त्याचं गुणगुणणं बंद झालं.

"राहू दे, बाबा," तो म्हणाला. "चिमण्या काय आपल्या हातात आहेत?"

"बाजारात मिळतात," बसयुनी म्हणाला.

खरं तर यात जरा लाज वाटण्यासारखं होतं. जुन्या गावात, कफ्र तूतला, तीस वर्षं दर हंगामात बसयुनीने गव्हावरच्या चिमण्या हाकलल्या होत्या. डबा बडवून, ढेकळं मारून, आईबहिणीवरून शिव्या देऊन. तिथल्या चिमण्या त्याला तोंडावरून ओळखत. तो बांधावर आला की सगळा थवा उठून शेजाऱ्याच्या शेतात जायचा, त्यामुळे शेजारीही त्याला शिव्या द्यायचा.

शुक्रवारी तो पक्ष्यांच्या बाजारात गेला. एका पिंजऱ्यात चिमण्या खचाखच भरलेल्या होत्या.

"किती देऊ, काका?" विकणारा म्हणाला. "सोलून देऊ की पिसांसकट?"

"जिवंत. बारा."

"जिवंतच आहेत. घरी गेल्यावर माना मुरगळा, लिंबू चोळा आणि तेलात..."

"मला खायच्या नाहीत. सोडायच्यात."

विकणाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग इथेच सोडा की. मी पुन्हा पकडतो, तुम्ही पुन्हा घ्या. दोघांचाही धंदा चालेल."

परतीच्या मायक्रोबसमध्ये पिंजरा मांडीवर घेऊन तो बसला. शेजारी कोबीचं गाठोडं घेऊन एक बाई होती. तिने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं.

"रस्सा करणार?"

"सून आणणार."

"बारा चिमण्यांवर सून? आमच्या वेळी निदान शिवणयंत्र मागायचे." ती पुढे वाकून ड्रायव्हरला ओरडली, "उस्ता, हळू चालव, मागे हुंडा बसलाय!"

सगळी गाडी हसली. बसयुनीही हसला. खूप दिवसांनी हसला, त्यामुळे त्याला खोकला आला.

घरी पोचल्यावर तो थेट गच्चीवर गेला, बिस्मिल्ला म्हणाला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. बाराच्या बारा चिमण्या बाहेर पडून विजेच्या तारेवर बसल्या. त्यांनी एकदा सगळं गाव बघून घेतलं. मग जणू कुणी हाक मारावी तशा उठल्या आणि पूर्वेला, कालव्याच्या दिशेने निघून गेल्या. एकीने जाता जाता बसयुनीच्या टोपीवर घाण केली. सात नंबरला तेवढंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी तो कफ्र तूतला बहिणीकडे गेला. फिक्रिया अजून बापाच्या मातीच्या घरात राहत होती. बसयुनी दाराबाहेरच्या कट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला आणि दुपारपर्यंत हलला नाही.

"दोन वर्षांनी आलास आणि भिंतीकडे बघतोस," फिक्रिया म्हणाली. "मी इकडे आहे."

"चिमण्या बघतोय."

"आयुष्यभर या भिंतीखाली जेवलास. तेव्हा डोळे कुठे होते?"

"पोळीवर."

ती त्याच्या शेजारी धान्य निवडायला बसली आणि तिने त्याला बोटाने एकेक दाखवलं. तुळईखालच्या फटीत एक घरटं, पन्हळीमागे दुसरं. चार-पाच अंडी घालतात, दोघंही आळीपाळीने ऊब देतात, बारा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आणखी पंधरा दिवसांनी पिल्लं उडाली की आई लगेच दुसऱ्या खेपेला लागते.

"एका उन्हाळ्यात तीनदा," फिक्रिया म्हणाली. "मी सगळ्या जन्मात तीनदा बाळंत झाले आणि त्यातही तुझ्या भावोजींना वाटलं फार झालं."

"खातात काय? गहूच ना?"

"मोठी गहू खातात. पिल्लांना दाणा पचत नाही, त्यांना किडे लागतात. म्हशीच्या शेणावर मिळतात ते. आणि ती बघ, मातीत लोळतेय. रोज धुळीत अंघोळ लागते तिला. तुमच्याकडे धूळ आहे?"

"वाळू आहे."

"म्हैस?"

"घराजवळ नाही. सगळं शेतावर."

"भिंतीला एखादं भोक?"

"सरकारने दिलेलं घर आहे, फिक्रिया. तीनच वर्षं झालीत, भोक कुठून येणार?"

"मग राहायचं कुठे तिने? तुझ्या टोपीत?" ती म्हणाली. मग टोपीवरचा डाग तिला दिसला आणि ती इतकी हसली की निवडलेलं धान्य पुन्हा खड्यांत मिसळलं. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "नबविया मला सांगायची, तिकडे चिमण्या नाहीत म्हणून. इथून परत जाताना तिने एकदा घरट्यातली काडी मागून नेली होती."

बसयुनीला ते माहीत नव्हतं. तो भिंतीकडेच बघत राहिला.

परत आल्यावर त्याने छिन्नी-हातोडा काढला. जिन्यावर एक छोटी खोली होती, तिची भिंत गच्चीकडे तोंड करून उभी होती. त्या भिंतीत, वरच्या बाजूला, त्याने तीन भोकं पाडायला घेतली. सिमेंट कडक होतं. आवाजाने दसूकी धावत आला.

"घर पडायची वाट तरी बघ!"

"भोकं पाडतोय."

"ते दिसतंय. कुणाला विचारून?"

"हज्जा बहियाला."

भोकं झाल्यावर त्याने सहा कोंबड्या आणल्या. शेतावरून म्हैस आणून अंगणात बांधली, तेव्हा पलीकडच्या घरातून नाकाला पदर लावलेल्या दोन बायका बाहेर आल्या आणि त्याला चार गोष्टी ऐकवून गेल्या. कालव्याकाठची मऊ माती दोन पोती भरून आणली आणि दारासमोर पसरली. गाव वाळूतून बाहेर काढायला लोकांनी तीन वर्षं घालवली होती आणि हा माणूस धूळ विकत घेतल्यासारखी घरी आणत होता. मग त्याने दाराबाहेर चटई टाकली आणि जेवायला तिथेच बसला. पोळीचा चुरा भिंतीकडेला टाकायचा आणि वाट बघायची. सात नंबरमध्ये कुणी बाहेर जेवत नसे. दारं लावून, टीव्ही लावून जेवत.

दुसऱ्या दिवशी दसूकी कांदा घेऊन आला, म्हणाला, एकटा बसलेला बरा दिसत नाहीस. तिसऱ्या दिवशी त्याची बायको मिशची, म्हणजे खारवलेल्या चीजची, बरणी घेऊन आली, कारण तिला नवरा घरात जेवायला मिळेना. नाकाला पदर लावणाऱ्या बायकांनीही आठवड्याभरात आपल्या दाराशी चटई टाकली, म्हशीकडे पाठ करून. संध्याकाळच्या आधी, उन्हं उतरताना, त्या रांगेत सहा-सात चटया पसरलेल्या असत. चुरा भरपूर पडे. तो कोंबड्या खात.

चिमणी आली नाही.

मंगळवारी दसूकी खिशातून नवा फोन काढून म्हणाला, "ऐक." फोनमधून चिमणी ओरडली. इतकी खरी की कोंबड्यांनीही माना वळवल्या.

"नको," बसयुनी म्हणाला.

"म्हातारीला ऐंशी वर्षं झालीत. दिसत असेल थोडं, ऐकू येत असेल थोडं. थोड्यात थोडं मिसळलं की पुरतं. पोराचा विचार कर."

बसयुनीने पोराचा विचार केला. रशाद ओट्यावर बसून गुरुवारसाठी बूट पुसत होता. एकच बूट तो अर्धा तास पुसत होता.

"टाकीमागे ठेव," बसयुनी म्हणाला.

दसूकी कच्चं काम करणारा नव्हता. आवाजाची सवय व्हायला हवी, म्हणून त्याने बुधवारी सकाळपासूनच फोन टाकीमागे लावून दिला. दिवसभर गच्चीवर चिमणी ओरडत राहिली. कबुतरं वैतागून खुराड्यात जाऊन बसली.

गुरुवारी पाहुणे आले. इबतिसामचे वडील मुतवल्ली, आई, आणि मधे दोघांच्या हातांवर भार टाकून हज्जा बहिया. ठेंगणी, काळा रुमाल, अंगावर बडीशेपेचा वास. तिने दारातली धूळ बघितली, म्हैस बघितली, कोंबड्या बघितल्या आणि काहीच बोलली नाही. जिना चढताना मात्र अकरा पायऱ्यांवर अकरा वेळा अल्लाचं नाव घेतलं. गच्चीवर तिला गादी घातली. तिने चहाचा पेला समोर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

टाकीमागून चिवचिवाट चालूच होता.

"चिमण्या आहेत वाटतं," हज्जा म्हणाली.

"फार झाल्यात, हज्जा," दसूकी म्हणाला. "डोक्याला ताप नुसता."

"दिसत नाहीत."

"लाजतात."

"चिमणी लाजते?" हज्जाने त्याच्याकडे मान वळवली. "माझ्या ताटातला भात खाऊन माझ्याच अंगावर पंख झटकणारी चिमणी लाजते?" मग तिने कान दिला. "एकच ओरडतेय. आणि मधे श्वास घेत नाही."

तेवढ्यात चिमणी थांबली. टाकीमागून एका पुरुषाचा गोड आवाज आला. "ताई, डाग कितीही जुना असो, एक चमचा पुरे!" आणि मागोमाग धुण्याच्या पावडरीचं गाणं सुरू झालं.

गच्चीवर कुणी कुणाकडे बघेना. मुतवल्ली उठून उभा राहिला. रशादने डोळे मिटून घेतले. बसयुनी टाकीमागे गेला, फोन उचलला. तो बंद कसा करायचा हे त्याला माहीत नव्हतं. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं तेव्हा त्याने तो कबुतरांच्या पाण्याच्या घंगाळात बुडवला.

"अरे नवा होता!" दसूकी किंचाळला.

बसयुनी ओल्या हातांनी हज्जासमोर येऊन उभा राहिला.

"चिमण्या नाहीत, हज्जा," तो म्हणाला. "बारा विकत आणल्या होत्या, त्या राहिल्या नाहीत. भोकं पाडली, माती आणली, म्हैस दाराशी बांधली, तरी नाहीत. मी जन्मभर त्यांना ढेकळं मारली. आता कुठल्या तोंडाने बोलावू? पण ते माझं. पोराचा यात काही दोष नाही. फोन ठेवायला मीच हो म्हटलं, त्याला विचारलंसुद्धा नव्हतं."

"चल, अम्मा," मुतवल्ली म्हणाला.

हज्जाने पेल्यात करंगळी बुडवली. "कोमट आहे," ती म्हणाली. "बस खाली."

"अम्मा, या लोकांनी आपल्याला..."

"चहा कोमट आहे म्हटलं ना. तुझ्या बापालाही हीच घाई असायची. बस."

मुतवल्ली बसला. सगळेच बसले. गाणं बंद झाल्यावर गच्ची फार शांत वाटत होती. खाली म्हैस शेपटी मारत होती तेवढा आवाज. एक-दोन कबुतरं खुराड्यातून डोकावली. फोन पाण्यात एकदा थरथरला, मग तोही गप्प झाला. बसयुनी चहाच्या पेल्याकडे बघत होता. त्यातून वाफ येत नव्हती.

मग तारेवरून काहीतरी उतरलं.

तो चिमणा होता. गळ्याखाली काळा, जणू दाढी राखलेला. कठड्यावर बसून त्याने आधी टाकीमागे बघितलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तिथे कुणी नाही अशी खात्री झाल्यावर तो सरळ भिंतीवरच्या मधल्या भोकाशी गेला, आत शिरला, बाहेर आला आणि भोकाच्या तोंडाशी बसून ओरडू लागला. श्वास घेत घेत.

हज्जाला जवळचं दिसत नसे, लांबचं चांगलं दिसे. "भोकातून काय लोंबतंय?" तिने विचारलं.

रशाद उठून भिंतीपाशी गेला. चिमणा तारेवर जाऊन तिथून त्याला ओरडू लागला. "गवताच्या काड्या आहेत," रशाद म्हणाला. "आणि कोंबडीचं पीस. आणि... बाबा, तुमच्या चटईचा दोरा."

"चार-पाच दिवसांचं काम आहे," हज्जा म्हणाली. "तुम्ही खाली जेवत होतात तेव्हा तो इथे घर मांडत होता. मग तुम्ही टाकीमागे दुसरा बसवलात. एवढा मोठ्याने ओरडणारा, दमत नाही, जेवत नाही. बिचारा कालपासून तारेवर बसून असेल, म्हणत असेल, माझं घर गेलं." तिने दसूकीकडे बघितलं. "शहाण्या!"

दसूकीने घंगाळातल्या फोनकडे बघून मान खाली घातली.

"पण एकटाच आहे, अम्मा," मुतवल्ली म्हणाला. त्याचा राग अजून उतरला नव्हता. "मादी कुठेय?"

"आधी नर जागा धरतो. मग दारात बसून ओरडतो. मादी येते, आत डोकावते, नाक मुरडते, त्याच्या निम्म्या काड्या बाहेर फेकते आणि मग राहते. मादी नाही म्हणतोस?" हज्जाने चहाचा पेला उचलला आणि तोवर गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. "मग आपण इथे कशाला आलोय?"

इबतिसामची आई आधी हसली. मग मुतवल्लीला हसावं लागलं. रशाद भिंतीपाशी तसाच उभा होता, हातात चटईचा दोरा. सगळ्यांनी हात पुढे धरले आणि फातिहा म्हटली. चिमणा मधेच परत येऊन ओरडायला लागला. त्याला कुणी गप्प केलं नाही.

खाली उतरताना हज्जाने मुलाचा हात सोडून बसयुनीचा दंड धरला.

"बाकीची दोन भोकं मोठी आहेत," ती पहिल्याच पायरीवर म्हणाली. "मांजराचा पंजा जाईल. तीन बोटांएवढी ठेव."

"ठेवतो, हज्जा."

"कोंबड्यांना दाणा चुऱ्याआधी घाल. पोट भरलेली कोंबडी चिमणीला आड येत नाही."

"बरं."

"तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय. आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येतोय. फूल पुन्हा पुन्हा गरम करतोस?"

"करतो."

"नको करूस."

"नाही करणार."

दोन वर्षांत त्या घरात कुणी त्याला असं काही सांगितलं नव्हतं. बसयुनी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत एकेक पायरी उतरत होता. जिना अकराच पायऱ्यांचा होता. सरकारने आणखी चार-पाच घालायला काही हरकत नव्हती, असं त्याला वाटलं.